पानाच्या तळाची ओळ

भाऊसाहेबांच्या माघारी सगळं ऑफिस त्यांना ‘एकमत’ म्हणायचं, आणि हे त्यांना ठाऊक होतं. खरं सांगायचं तर त्यांना ते आवडायचंसुद्धा. नगरपालिकेच्या सभांचं इतिवृत्त लिहिणं हे त्यांचं काम. एकोणतीस वर्षं त्यांनी ते केलं, आणि एवढ्या वर्षांत त्या सभागृहात कुणाचं कुणाशी पटलं नाही असं एकदाही घडलं नाही. निदान रजिस्टरात तरी नाही. सभागृहात सतरा सदस्य एकमेकांच्या बापजाद्यांचा उद्धार करायचे, टेबलं बडवायचे, दोघंतिघं भिंतीला डोकं टेकून घोरायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊसाहेब काळ्या शाईचं पेन उघडायचे आणि त्या सगळ्या गोंधळाला आंघोळ घालून, भांग पाडून, धुतलेल्या कपड्यांत पानावर आणून बसवायचे.

दोन नंबर प्रभागाच्या सदस्याचा बर्फाचा कारखाना होता, म्हणून तो बर्फवाला. गटारांवर चर्चा चालू असताना तो एकदा ओरडला, “मिटवा ना ते गटार, पोटात कावळे ओरडतायत माझ्या!” रजिस्टरात आलं: ‘सन्माननीय सदस्यांनी वेळेचे भान राखून विषय तातडीने मार्गी लावण्याचा आग्रह धरला.’ बर्फवाल्यानं ते कधी वाचलं नाही. वाचलं असतं तरी हा माणूस कोण, असंच त्याला वाटलं असतं.

रजिस्टर म्हणजे जाड पुठ्ठ्याची दोनशे पानांची वही. प्रत्येक पानावर छापील आकडा आणि पालिकेचा शिक्का. पान फाडायची सोय नाही, कोरं सोडायची सोय नाही. खाडाखोड झालीच तर तिच्या शेजारी अध्यक्षांची छोटी सही लागायची. भाऊसाहेबांच्या एकोणतीस रजिस्टरांत अशी एकही सही नव्हती, कारण एकही खाडाखोड नव्हती. नव्यानं लागलेल्या कारकुनांना ते कपाट उघडून ही रजिस्टरं दाखवायचे. लोक नातवंडांचे फोटो दाखवतात तसे.

त्यांची एक खास रीत होती. वर्षाचं नवं रजिस्टर आलं की पहिल्या दोन-तीन सकाळी, हात ताजा आणि ऑफिस रिकामं असताना, ते प्रत्येक पानाच्या तळाशी शेवटची ओळ आधीच लिहून टाकायचे: ‘ठराव सर्वानुमते मंजूर.’ दोनशे पानं, दोनशे ओळी, सगळ्या एका वळणाच्या. एका ठरावाला एक पान. विषय नंतर यायचे, सभा नंतर व्हायच्या, भांडणं त्याहून नंतर. निकाल तेवढा खाली येऊन बसलेला असायचा. वरची जागा भरली की झालं.

ही अक्कल त्यांना कुणी शिकवली असेल, तर पहिल्या वर्षीच्या अध्यक्षांनी. भाऊसाहेब तेव्हा मिसरूड फुटलेले, प्रामाणिक वगैरे होते. त्यांनी एका ठरावाच्या कच्च्या मसुद्यात ‘तिघांचा विरोध’ असं खरं तेच लिहिलं. अध्यक्षांनी त्यांना केबिनमध्ये बोलावून चहा पाजला आणि विचारलं, “विरोध लिहिला की वरून पत्र येतं. पत्राला उत्तर कोण देणार?”

“मीच, साहेब.”

“मग कशाला आपल्या पायावर धोंडा पाडून घेता?”

तेव्हापासून भाऊसाहेबांनी स्वतःच्या पायाची फार काळजी घेतली. धोंडा दुसऱ्या कुणाच्या पायावर पडतो का, हे बघायचं त्यांचं काम नव्हतं.

पण ह्या एका ओळीवर काय अवलंबून होतं ते सांगितलं पाहिजे. पालिकेचा नियम असा: ठराव सर्वानुमते असेल तर पुढच्या सभेत इतिवृत्त कायम झालं की त्याच दिवसापासून अंमल सुरू. एका जरी सदस्याचा विरोध नोंदलेला असला तर मात्र तीस दिवस थांबायचं, आणि ज्याचं नुकसान होणार आहे त्याला वरच्या कार्यालयात दाद मागता येते. तिथला अधिकारी कागद बघून ठराव थांबवूही शकतो, आणि शेजारच्या गावात त्यानं तसे दोनदा थांबवले होते. पण सर्वानुमते असेल तर तो कागद हातातसुद्धा घेत नाही.

सभागृहात मनापासून विरोध करणारं माणूस एकच होतं. प्रभाग सहाची सिस्टर. आयुष्यभर नर्स होती, निवृत्त झाल्यावर निवडून आली. अंगानं काटकुळी, आवाज मात्र वॉर्डाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा. पटलं नाही की उभी राहून म्हणायची, “माझा विरोध. नोंद घ्या.” आणि भाऊसाहेब मान डोलवून घ्यायचे. म्हणजे मानच डोलवायचे.

आठ वर्षांपूर्वी पालिकेनं सहा खाटांचं प्रसूतिगृह बंद केलं. खर्च परवडत नाही, म्हणाले. सिस्टर त्या दिवशी वीस मिनिटं बोलली. तिच्या प्रभागातले लोक दाद मागायला वर गेले. उत्तर आलं की ठरावाच्या अंतिम ओळीवरून तो सर्वानुमते झालेला दिसतो, सबब दाद मागता येत नाही. त्यानंतर सहा महिन्यांनी सिस्टरची भाची मोठ्या गावच्या दवाखान्याकडे नेताना वाटेतच गेली. बाळंतपण अडलं होतं. बाळही गेलं.

भाचीचे दिवस झाल्यावर सिस्टर भाऊसाहेबांच्या टेबलापाशी आली. ओरडली नाही. म्हणाली, “मी बोलले होते. तुम्ही समोर बसून ऐकलंत. का नाही लिहिलं?”

भाऊसाहेबांना वाईट वाटलं होतं, नाही असं नाही. पण पाच-सहा कारकून माना वर करून ऐकत होते. त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाले, “सिस्टर, जे रजिस्टरात आहे तेच सभेत घडलं.”

वाक्य चांगलं जमलं होतं. कारकुनांनी ते पुढं कितीतरी दिवस एकमेकांना ऐकवलं.

आता भाऊसाहेबांच्या घराकडे वळू. घरात दोन खोल्या आणि दोन माणसं: ते आणि त्यांची मुलगी. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलीचा डावा पाय लहानपणीच्या तापानं आखूड राहिलेला. लग्न झालं, आणि तीन वर्षांनी नवऱ्यानं तिला पिशवीसकट दारात आणून सोडलं. “पायाचं माहीत होतं, पण रोज बघायचं म्हणजे जड जातं,” असं तो सासऱ्याला म्हणाला. वर चहा पिऊन गेला.

ती वर्षभर भिंतीकडे तोंड करून पडून होती. मग भाऊसाहेबांनी खटपट करून पालिकेच्या पुढच्या भिंतीलगतची नऊ नंबरची टपरी तिला मिळवून दिली. पत्र्याची पेटीच ती, आत एक माणूस आणि एक हातमशीन मावेल एवढी. पायमशीन तिला चालवता येत नसे, म्हणून डाव्या हातानं कापड सरकवायचं, उजव्या हातानं चाक फिरवायचं. पँटी आखूड करणं, चेन बदलणं, फाटलेला खिसा लावणं. पालिकेत दाखल्यासाठी आलेला माणूस तास-दोन तास ताटकळणार हे ठरलेलं. तेवढ्यात तो टपरीत खिसा शिवून घ्यायचा. घरी बसून शिवायचा प्रयोग तिनं आधी करून पाहिला होता. गल्लीच्या टोकाला, दोन जिने चढून कोण येतो चेन बदलायला? टपरीत मात्र माणसांचा राबता. लोक तिला ‘ताई, जरा बघा ना’ म्हणायचे. तिच्या पायाकडे कुणाचं लक्ष जायचं नाही, कारण तो मशीनच्या फळीखाली असायचा. भिंतीकडे तोंड करून पडणारी पोर गिऱ्हाइकांशी हुज्जत घालायला लागली, मोठ्यानं हसायला लागली. भाऊसाहेब जेवणाच्या सुट्टीत खिडकीतून बघायचे आणि घास गोड लागायचा.

आणि एके दिवशी पुढच्या सभेची विषयपत्रिका टाइप करताना त्यांच्या हाताखाली विषय क्रमांक अकरा आला: ‘पालिकेच्या पुढील भिंतीलगतच्या नऊ टपऱ्या हटवून तेथे वाहनतळ करणे.’

त्यांनी ते टाइप केलं. मग अध्यक्षांच्या केबिनमध्ये गेले. अध्यक्षांची लाकडाची वखार होती आणि नवी पांढरी गाडी होती.

“साहेब, नऊ नंबरच्या टपरीत माझी मुलगी आहे.”

“माहीत आहे हो. गुणी पोर आहे. माझाच कोट सैल करून दिला तिनं.” अध्यक्षांनी खिडकीबाहेर बघितलं. “पण भाऊसाहेब, गाडीला ऊन फार लागतं. त्या भिंतीला सावली आहे.”

“दुसरीकडे कुठं जागा...”

“बघू ना. आधी मंजूर तर होऊ दे.”

बघू म्हणजे काय, हे भाऊसाहेबांना कळत नसतं तर कुणाला कळलं असतं? एकोणतीस वर्षं त्या ‘बघू’चं ‘सहानुभूतिपूर्वक विचार करण्याचे ठरले’ असं भाषांतर तेच करत आले होते.

उरला एकच दरवाजा. त्या संध्याकाळी ते सिस्टरच्या घरी गेले. ती ओट्यापाशी उभी राहून कोपरापर्यंत हात धूत होती, नर्सा धुतात तसे. त्यांनी सगळं सांगितलं. तीस दिवस मिळाले तर वरच्या कार्यालयात अर्ज करता येईल, म्हणाले, आणि एवढा एक विरोध झाला तर तीस दिवस मिळतील.

सिस्टरनं हात पुसले. “मी विरोध करणारच होते. तुमच्यासाठी नाही. नऊ टपऱ्या आहेत, नऊ घरं आहेत. माझं काम बोलायचं. तुमचं काम काय?”

“लिहायचं.”

“ह्या वेळी लिहाल?”

“लिहीन. शब्द देतो.”

तिनं एकदा त्यांच्याकडे नीट बघितलं. मग दार लावून घेतलं.

सभा झाली. अकरावा विषय आला तेव्हा निम्मे सदस्य घड्याळ बघत होते. सिस्टर उठली. त्या नऊ जणांना आधी जागा द्या आणि मग हलवा, असं ती म्हणाली, आणि पुढं तिचं नेहमीचं: “माझा विरोध. नोंद घ्या.”

“सिस्टर, विरोध नको, त्यापेक्षा इंजेक्शन द्या!” बर्फवाला म्हणाला आणि हशा पिकला.

कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, “अरे, भाऊसाहेबांची मुलगी पण आहे ना त्यात? ती लंगडी?”

“मग काय झालं? बसूनच तर शिवते. कुठंही बसेल!” बर्फवाल्यानं टाळीसाठी हात पुढं केला आणि शेजाऱ्यानं टाळी दिली.

पुन्हा सगळे हसले. आणि भाऊसाहेबसुद्धा हसले. सदस्य हसले की आपण हसायचं, ही सवय इतकी जुनी होती की तोंडानं त्यांना विचारलंच नाही. हसून झाल्यावर त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी खाली मान घालून टिपणवहीत लिहिलं: ‘प्र. ६, विरोध.’ दोनदा रेघ मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी रजिस्टर उघडलं. दहा विषय नेहमीच्या हातानं उरकले. अकरावा मात्र जीव ओतून लिहिला. सिस्टरचं बोलणं जसंच्या तसं घेतलं, एक शब्द सजवला नाही. ‘प्रभाग सहाच्या सदस्यांनी या ठरावास स्पष्ट विरोध नोंदविला.’ एवढं सरळ, खरं वाक्य त्यांनी तरुणपणानंतर लिहिलं नव्हतं. त्यांनी ते एकदा मोठ्यानं वाचून बघितलं. आणि मग नजर खाली गेली.

तळाशी त्यांच्याच सुंदर अक्षरात, चार महिन्यांपूर्वीच्या एका प्रसन्न सकाळी लिहिलेली ओळ वाट बघत होती. ‘ठराव सर्वानुमते मंजूर.’

माणसाला स्वतःचं नाक दिसत नाही, तशी ती ओळ त्यांना दिसेनाशी झाली होती. आता दिसली. पुढचं पान घ्यावं, तर हे पान सोडता येत नाही, आणि पुढच्या पानावरही तेच. त्याच्या पुढच्याही. रजिस्टर संपेपर्यंत सगळ्यांचं एकमत होऊन बसलेलं. वरचं खरं आणि खालचं खोटं असंच राहू द्यावं, तर वरचं कार्यालय फक्त शेवटची ओळ वाचतं. हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? प्रसूतिगृहाच्या वेळचं ते पत्र त्यांनीच फाइलला लावलं होतं. खोडावं, तर शेजारी अध्यक्षांची सही हवी, आणि ती कशाला मिळतेय?

सरळ मुख्याधिकाऱ्यांकडे जाऊन ‘साहेब, मी ओळी आधी लिहून ठेवतो, माझी चूक झाली’ असं म्हणता आलं असतं. माणूस बरा होता, कदाचित काही मार्ग निघालाही असता. पण मग ती एकोणतीस रजिस्टरं? कपाटातला तो सगळा डौल? भाऊसाहेबांना मुलगी जिवापाड प्यारी होती, पण अब्रूही काही परकी नव्हती. दोन्ही वाचवायला गेले आणि हात दाखवून अवलक्षण करून घेतलं.

जेवणाच्या सुट्टीत ते टपरीवर गेले.

“तुझं ते उसवायचं ब्लेड दे गं जरा.”

“काय उसवायचंय, बाबा?”

“एक टाका चुकलाय.”

“आणा, मी करते.”

“नको. माझा आहे, मीच काढतो.”

ती हसली आणि ब्लेड कागदात गुंडाळून दिलं. “बोट सांभाळा.”

कागद खरवडायला अर्धा तास लागला. ‘सर्वानुमते’ गेलं, त्या जागी ‘बहुमताने’ आलं. पण खरवडलेल्या कागदावर शाई फुटते. अक्षरांना पाय फुटल्यासारखं झालं. एकोणतीस वर्षांत त्यांच्या हातून निघालेली ही सर्वांत घाण ओळ, आणि सर्वांत खरी. त्यांनी टीपकागद दाबला, फुंकर मारली, रजिस्टर मिटलं. मुख्याधिकाऱ्यांनी नेहमीप्रमाणे न वाचता सही केली. घरी येऊन भाऊसाहेब मुलीला म्हणाले, “काळजी करू नको. एकानं विरोध केलाय, नोंदही झालीय. तीस दिवस मिळतील. मी अर्ज लिहून ठेवलाय.”

“खरंच, बाबा? कुणीतरी विरोध केला आमच्यासाठी?”

“मी लिहिलं,” भाऊसाहेब म्हणाले.

महिन्यानं पुढची सभा भरली. पहिला विषय ठरलेला: मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे. वाचत कुणीच नाही. ‘वाचले असे समजून कायम’ असं म्हणतात आणि अध्यक्ष पानापानावर, शेवटच्या ओळीखाली सही करत जातात. एका हातानं पान उलटायचं, दुसऱ्यानं सही, आणि तोंडानं शेजाऱ्याशी गप्पा. भाऊसाहेब शेजारी टीपकागद घेऊन उभे होते. आठ. नऊ. दहा.

अकराव्या विषयाच्या पानावर पेनाचं निब कागदातून आरपार गेलं.

अध्यक्षांनी पान उचलून खिडकीच्या उजेडात धरलं. ओळीच्या मधोमध कागद झिरझिरीत, आणि तिथून उजेड दिसतोय. त्यांना काय झालंय ते कळायला वेळ लागला नाही. लाकडाचा धंदा केलेला माणूस, रंधा कुठं मारलाय ते त्याला कळतंच.

“वा! भाऊसाहेब, हे काय? कुंपणच शेत खायला लागलं?”

सभागृह एकदम जागं झालं. मुख्याधिकाऱ्यांनी पान बघितलं, त्यांचा चेहरा उतरला. भाऊसाहेब चाचरत सगळं सांगायला लागले: ओळ आधीच लिहिलेली होती, विरोध खरंच झाला होता, वर लिहिलाय तो शब्दन् शब्द खरा आहे.

“तळाची ओळ सभेच्या आधी लिहिली होती?” मुख्याधिकाऱ्यांनी विचारलं.

“हो, साहेब.”

“सगळ्या?”

“हो.”

कुणी हसलं नाही. ते हसण्यापेक्षा वाईट होतं.

अध्यक्षांनी एकेकाला विचारलं. गेल्या सभेत ह्या विषयाला विरोध झाला होता का? बर्फवाला म्हणाला, मी तेव्हा बाहेर होतो. दुसरा म्हणाला, माझा डोळा लागला होता. तिसरा छताकडे बघत राहिला. सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. मग मुख्याधिकारी म्हणाले, “नियमात एक वाट आहे. ज्या सदस्यानं विरोध केला त्यानं आता उभं राहून तसं सांगितलं, तर दुरुस्ती धरता येते. मग अध्यक्षांना सही करावीच लागेल.”

भाऊसाहेबांच्या जिवात जीव आला. त्यांनी प्रभाग सहाच्या खुर्चीकडे बघितलं. हात आपोआप जोडले गेले.

सिस्टर उठली. “मी अकरा वर्षं इथं बसतेय,” ती म्हणाली. “साहेब, कपाटातली अकरा रजिस्टरं बघा. माझा विरोध कुठं सापडतो का?”

मुख्याधिकाऱ्यांनी खरंच तीन-चार रजिस्टरं मागवली आणि चाळली. “नाही दिसत.”

“एकही नाही?”

“नाही.”

“मग रजिस्टरावरून तर असं दिसतं की मी कधी विरोध करतच नाही. मग ह्या एकाच वेळी कसा केला असेन?”

“सिस्टर!” भाऊसाहेबांना राहवलं नाही. “तुम्ही उभ्या राहून बोललात. ह्याच जागी. मी ऐकलंय!”

“त्याही वेळी तुम्ही ऐकलं होतं, भाऊसाहेब.”

“माझं चुकलं. मी पाया पडतो तुमच्या. पण माझ्या मुलीनं काय केलंय?”

“माझ्या भाचीनं काय केलं होतं?” तिचा आवाज आज वॉर्डभर जाणारा नव्हता. पुढच्या दोन रांगांनाच ऐकू आला असेल. “पोर चांगली आहे तुमची. मला वाईट वाटतं तिचं. पण काय करणार? जे रजिस्टरात आहे तेच सभेत घडलं.”

आणि ती खाली बसली. उरलेल्या आठ टपऱ्यांचा विचार तिच्या मनात आला की नाही, कोण जाणे. तिनंच तर नऊ घरं मोजून दाखवली होती. पण सूड घेताना माणसाची मोजदाद चुकते, मग तो कितीही भला असो.

अध्यक्षांनी ‘बहुमताने’वर आडवी रेघ मारली, वर ‘सर्वानुमते’ लिहिलं आणि शेजारी छोटी सही केली. एकोणतीस वर्षांतली पहिली. मग म्हणाले, “आयत्या वेळचा एक विषय घेऊ. दफ्तरात फेरफार केल्याबद्दल सभा-लिपिकास कामावरून काढून टाकणे.” भाऊसाहेबांच्या निवृत्तीला चौदा महिने राहिले होते. “कुणाचा विरोध?”

सगळ्यांनी एकदम सिस्टरकडे बघितलं. ती चष्मा पुसत होती.

“चला तर. घ्या लिहून, भाऊसाहेब. आजच्या दिवस तुम्हीच आहात.”

भाऊसाहेबांनी नवं पान काढलं. आजवर ते सभेत कच्चं टिपण करायचे आणि पक्कं दुसऱ्या दिवशी लिहायचे, पण त्यांच्यापुढं आता दुसरा दिवस नव्हता. विषय लिहिला. सूचक लिहिला, बर्फवाला. अनुमोदक लिहिला. लिहीत लिहीत खाली आले आणि थांबले, कारण पुढं लिहायला काही उरलंच नव्हतं. शेवटची ओळ त्यांच्या ताज्या हाताच्या वळणदार अक्षरात आधीपासून तिथं होती. टीपकागदसुद्धा लागला नाही.

ते बाहेर आले तेव्हा पालिकेचे चार कामगार पहार घेऊन एक नंबरच्या टपरीपाशी उभे होते. त्यांना घाई नव्हती, एक ते नऊ करत यायचं होतं. मुलगी नऊ नंबरात बसून एका गिऱ्हाइकाची पँट आखूड करत होती. बापाचा चेहरा बघून तिनं मशीनचं चाक थांबवलं.

“तीस दिवस नाही मिळाले?”

“नाही.”

पहिल्या टपरीचा पत्रा कर्रकन उचकटला. मुलगी तिकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, “पण बाबा, तुम्ही म्हणाला होतात ना? कुणीतरी विरोध केला होता म्हणून. एकजण तरी बोललं होतं ना आमच्यासाठी?”

तिला एवढंच हवं होतं. टपरी जाणार हे ती समजून चुकली होती. सतरा माणसांच्या त्या खोलीत एक माणूस तिच्या बाजूनं उभं राहिलं होतं, एवढं ऐकलं असतं तरी तिला पुष्कळ दिवस पुरलं असतं. आणि ते खरं होतं. ते सांगणारा जगात आता एकच माणूस उरला होता.

भाऊसाहेबांच्या डोळ्यांपुढं सिस्टरचा चष्मा आला, पुसून पुसून लख्ख केलेला.

“नाही,” ते म्हणाले. “कुणी नाही. सर्वानुमते झालं.”

मुलीनं मान डोलवली. तिनं पुन्हा चाक फिरवायला घेतलं, कारण गिऱ्हाईक दाखला घेऊन येणार होतं आणि पँटचा एक पाय अजून आखूड करायचा राहिला होता.